उत्तरेकडचं रान

सूनबाईने फासे टाकले आणि त्यातला एक घरंगळत जाऊन शिंप्याच्या मांडीत पडला. शिंप्याने तो उचलला आणि न बघताच टेबलावर ठेवून दिला.

"किती पडले होते काका?"

"पाहिलं नाही गं. टाक परत."

याच शिंप्याने कपाटाखाली गेलेला फासा पाहायला एकदा बॅटरी लावून जमिनीवर लोळण घेतली होती. हलवू नका, हलवू नका, म्हणून सगळ्यांना दटावलं होतं. आज मांडीतल्या फाशाकडे बघायला त्याला सवड नव्हती. त्याचा डावा अंगठा मोबाइलवर फिरत होता. समोर बसलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पर्स आवरून मांडीवर घेतली होती, आणि पर्स मांडीवर आली की माणूस अर्धा उठलेलाच असतो.

तिने फासे परत टाकले. नऊ. नकाशातल्या टेकडीवर ठेवलेल्या निळ्या वायसरवर, त्या नटाखालच्या चकतीवर, पेन्सिलीने सात लिहिलेलं होतं. नऊ म्हणजे शत्रूच्या त्या तुकडीचा धीर सुटला. तिने वायसर उचलून बाजूला ठेवला. शंभर माणसं टेकडीवरून पळाली आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

हा खेळ तसा गोष्टीचाच. प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि आपण काय करतो ते सांगायचं, आणि एकाने खुर्चीवर बसून उरलेलं सगळं जग चालवायचं: शत्रू, वादळ, वेशीवरचा पहारेकरी, उसळलेली नदी. सायकलच्या दुकानावरच्या या खोलीत ती खुर्ची सतरा वर्षं तिच्या सासऱ्यांची होती. दुकानामुळे सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे, खेळातही तेच नाव चिकटलं. उस्ताद नुसते "दार करकरलं" म्हणाले तरी माणसं मागे वळून बघायची.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, तिच्याबरोबर आवाजही गेला. सहा खेळणाऱ्यांपैकी तिघं हळूहळू यायची बंद झाली. दोघांनी कारणं सांगितली, तिसऱ्याने तीही सांगितली नाहीत. खुर्ची रिकामी राहू नये म्हणून सूनबाई तिच्यावर बसली. लग्नानंतर नवऱ्याबरोबर एकदा गंमत म्हणून या खोलीत डोकावली होती. नवऱ्याला कंटाळा आला, तिला नाही. तेव्हापासून आठ वर्षं ती खेळत होती. खेळवलं मात्र कधीच नव्हतं.

गुहेत चौघं आणि समोर एक अजगर, एवढं कुणीही खेळवेल. घोडं अडतं ते सैन्यापाशी. आठ हजार माणसं समोरासमोर उभी राहिली की एकेकाच्या तलवारीसाठी फासे टाकत बसता येत नाही. उस्तादांनी त्यावर आपली पद्धत काढली होती. दुकानातला एक वायसर म्हणजे शंभर सैनिक. लाल आपले, निळे शत्रूचे. प्रत्येकावर पेन्सिलीने धीराचा आकडा. पद्धत सोपी होती, पण सूनबाईने तिच्यात भर घातली. ती पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात जलवाहिन्यांचे नकाशे काढायची, त्यामुळे रणांगणाचा नकाशाही तसाच उतरला होता: चढ किती, उतार किती, नदीची खोली जागोजागी. हल्ला करायचा तर आधी अंतर मोजा, मग चढ वजा करा, मग थकवा, मग भिजलेल्या धनुष्याच्या दोऱ्या. एकेका फेरीला चाळीस मिनिटं लागत होती. दुपारी दोनला बसले होते, आता साडेपाच होत आले होते. नकाशा सुंदर होता, असं डॉक्टरीणबाई पहिल्या फेरीत दोनदा म्हणाल्या होत्या. त्यानंतर त्या काही म्हणाल्या नव्हत्या.

म्हणायचं ते त्यांनी मागच्या रविवारी जिन्यात म्हणून ठेवलं होतं. चप्पल घालता घालता, अगदी हळू आवाजात.

"राग मानू नकोस. लढाईपर्यंत बघू या. नाही रंगली, तर उगाच ओढत बसायला नको. उस्तादांनाही त्रासच होत असेल गं."

त्रास होतो की नाही, हे सूनबाईला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. सोमवार ते शनिवार सासरे भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. पाटी उशाला, खडू पाटीवर, आणि पाटी कोरी. औषध घेतलंत का म्हटलं की मान हलायची. रविवारी सकाळी मात्र ते आपणहून उठून दाढी करायचे, इस्त्रीचा सदरा घालायचे आणि बारा वाजल्यापासून या खोलीत येऊन खुर्च्या सारख्या करत बसायचे. हा रविवार गेला की आठवड्यात सातही दिवस भिंतच उरणार होती. हे तिने नवऱ्याला सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, अगं, खेळ आहे तो.

"सहावी फेरी," ती म्हणाली. आवाज उगाचच मोठा निघाला. "डॉक्टर, तुम्ही?"

"मी काय, पुढे." डॉक्टरीणबाई गोष्टीत राणीच्या सेनापती होत्या. त्यांनी आठ लाल वायसर बोटाने एकदम ढकलले, ताटातलं नको असलेलं बाजूला सारावं तसे. "सगळे पुलापलीकडे. मागे आपल्या गावात कुणी ठेवत नाही."

"काका?"

"मीही," शिंपी म्हणाला. तो गोष्टीत सुधारलेला चोर होता आणि त्याच्याकडे तिरंदाज होते. "चला, मोडूच या एकदाचं. मला सहाला एक जण माप द्यायला येतोय."

उरले सासरे. जन्मभर खुर्चीवर बसलेला माणूस पहिल्यांदाच खेळाडू होऊन बसला होता. पात्र म्हणून त्यांनी वेशीवरचा म्हातारा पहारेकरी मागून घेतला होता आणि त्याच्या हाताखाली तीनशे घोडेस्वार. त्यांनी आपले तीन वायसर एकेक करून, नीट एकापुढे एक, पुलापलीकडे नेले. त्यांच्यासमोर आता शत्रूचं निशाण होतं आणि निशाणापाशी एकच निळा वायसर. पुढच्या फेरीत ते पडणार, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"संपलंच की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी पर्सची चेन लावली.

तरी सूनबाईला एक आधार होता. तो तिच्या पायाशी, टेबलाखाली होता.

तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. शत्रूची राखीव फौज त्यात असायची. लढाई सुरू होण्याआधी उस्ताद तो भरून चिकटपट्टी लावून टेबलाखाली ठेवायचे. आत किती माणसं आहेत, हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नसायचं. ऐन भरात टेबलाखालून डबा खुळखुळला की भल्याभल्यांची धाबी दणाणायची. आजही खेळ सुरू होण्याआधी तोच विषय निघाला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किल्ल्याच्या लढाईत उस्तादांनी डबा उघडला तेव्हा सहाशे निघाले होते. शिंपी म्हणाला, छे, किल्ल्याच्या नाही, खिंडीच्या लढाईत, आणि चांगले आठशे होते. दोघंही शपथेवर सांगत होते. सासरे दोघांकडे आळीपाळीने बघत खुर्चीचा पाय चाचपत होते.

ही फौज सूनबाईने भरली नव्हती. शनिवारी सासऱ्यांनी डबा तयार करूनच तिच्या हातात दिला होता, चिकटपट्टी लावून. रविवार सोडता कित्येक दिवसांत त्यांनी आपणहून केलेलं ते पहिलं काम, म्हणून ती खूश झाली होती. "किती आहेत बाबा?" तिने विचारलं, तर त्यांनी पाटीवर लिहिलं, 'पुरेसे.' "कधी काढायचे?" तर लिहिलं, 'उत्तरेच्या रानातून. गरज पडली तर.' त्या भरवशावर तिने गावाच्या उत्तरेला नकाशात मोठं रान काढलं होतं, झाडांसकट. बाकी सगळं फसलं तरी हजार-बाराशे माणसं त्या रानातून बाहेर पडतील आणि खेळ उलटेल, असं ती कालपासून मनाशी घोकत होती.

तिने वाकून डबा मांडीवर घेतला आणि टेबलाच्या आडच चिकटपट्टी सोडवली. झाकण थोडं उचललं.

आत एकही वायसर नव्हता.

आत सायकलच्या बेअरिंगमधले छर्रे होते. मूठभर, तेलाने काळपट झालेले. तिने बोट घालून खालपर्यंत चाचपलं. छर्रे, आणि तळाला काहीतरी मऊ. बस.

आधी तिला वाटलं, बाबांची चूक झाली. औषधांनी विसरायला होतं, हा डबा दुकानातला असेल, खरा तिथे फळीवर राहिला असेल. मग वाटलं, उठावं, कपाटातून दहा-बारा निळे वायसर आणावेत आणि म्हणावं, हे होतेच. पण या टेबलाचा एक नियम होता, आणि तो उस्तादांनीच घातलेला: लढाईआधी जे मांडलं नाही, ते लढाईत येत नाही. एकदा ते स्वतः शत्रूच्या छावणीभोवती पहारा मांडायला विसरले होते. खेळणाऱ्यांनी छावणी फुकट लुटली आणि आठ महिने रंगवलेली गोष्ट एका दुपारी संपली, पण उस्तादांनी एक वायसरसुद्धा मागाहून ठेवला नाही. त्या एका गोष्टीमुळे माणसं इतकी वर्षं त्यांच्या शब्दावर हसत आणि घाबरत आली होती.

तिने सासऱ्यांकडे पाहिलं. ते आपल्या तीन वायसरांकडे बघत होते. तिच्याकडे बघायला हवं होतं, पण बघत नव्हते. तिला त्यांचा राग आला, खराखुरा, डोळ्यांत पाणी आणणारा राग. सांगता येत नव्हतं, पण लिहिता तर येत होतं. दोन शब्द लिहायचे होते, रिकामा आहे म्हणून.

"काय शोधतेयस?" शिंप्याने विचारलं.

"काही नाही."

तिचं बोट अजून डब्यातच होतं. तळाला जे मऊ लागत होतं ते सायकलच्या ट्यूबचं रबर होतं. नीट गोल कापलेलं, कडेला पंक्चरचं सोल्यूशन लावून चिकटवलेलं. मध्यभागी झिजून ते पातळ झालं होतं आणि त्यावर बारीक बारीक खळगे पडले होते. हे कालचं काम नव्हतं. वर्षानुवर्षं छर्रे त्याच जागी आपटले होते. नुसत्या पत्र्यावर छर्रे पडले तर खणखणाट होतो. रबरावर पडले की आवाज दबका येतो, लांबून यावा तसा. कुणीतरी बसून, पुन्हा पुन्हा वाजवून पाहून, तो आवाज जमवला होता.

सहाशे नव्हते, आणि आठशेही नव्हते. कधीच नव्हते.

तिने झाकण दाबून बसवलं. डबा दोन्ही हातांत धरला आणि टेबलाखाली हलवला, आधी हळू, मग जरा जोरात.

शिंप्याचा अंगठा मोबाइलवर थांबला.

"उत्तरेकडच्या रानातून आवाज येतोय," सूनबाई म्हणाली. या वेळी तिने आवाज मोठा केला नाही. करवलाही नसता.

"कसला?"

"टापांसारखा."

"किती जण असतील?"

"दिसत कुणी नाही काका. आवाज येतोय."

शिंप्याने मोबाइल उलटा करून ठेवला. पण डॉक्टरीणबाई हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या.

"हे बघ, डबा वाजवायला उस्तादच हवेत. आता असेल काय त्यात? दोनतीनशे? आमचे अठरा वायसर पुलापलीकडे आहेत. निशाण पडलं की खेळ खल्लास. तू घे फासे." मग थोडं थांबून म्हणाल्या, "की उघडून दाखवतेस?"

उघडायला सांगितलं तर उघडावं लागतं, असा काही नियम नव्हता. पण न उघडावं, असाही नव्हता. आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. तिने डब्यावर हात ठेवला आणि आता काय बोलावं ते तिला सुचेना. तिचं गप्प राहणं आता बोलण्यापेक्षा वाईट दिसत होतं, आणि हे तिला कळत असूनही तोंडातून शब्द फुटत नव्हता.

तेवढ्यात सासऱ्यांचा हात पुढे आला.

त्यांनी निशाणासमोरचा आपला पहिला वायसर उचलला. पुलावरून मागे आणला, गावातून नेला आणि उत्तरेच्या वेशीवर, रानाकडे तोंड करून ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. तीन वायसर एकमेकांना चिकटून उभे राहिल्यावर त्यांनी खडू घेतला आणि पाटीवर लिहिलं, 'वेस बंद करतो.'

"उस्ताद?" डॉक्टरीणबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "अहो, निशाण हातात आलं होतं तुमच्या."

उस्तादांनी पाटीवरच्या तीन शब्दांवर खडूने टक टक केलं.

डॉक्टरीणबाईंनी एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा टेबलाखाली.

"डबा कुणी भरलाय?"

"बाबांनी," सूनबाई म्हणाली. हे तरी खरं होतं.

"मेलो," शिंपी म्हणाला. "यांना ठाऊक आहे. हजाराच्या खाली नसणार. डॉक्टर, गावात कुणी नाही आपलं. बायकापोरं आहेत फक्त."

"मला माहितीये गावात काय आहे." डॉक्टरीणबाईंनी पर्स खाली ठेवली. "थांबा. घाई नको. माझे चार मी मागे घेते."

"चार नका, पूल कोण धरणार? माझे तिरंदाज येऊ देत."

"तिरंदाज घोडेस्वारांपुढे टिकतात होय?"

"मग काय वेशीवर तिघांना मरू द्यायचं?"

भांडण लागलं. सूनबाईने चढ-उताराचा कागद उलटा करून ठेवला आणि नुसते फासे टाकत गेली. सैन्य अर्धं मागे वळल्याबरोबर निशाणापाशी शत्रूला दम खायला फुरसत मिळाली, पळालेले दोन निळे वायसर परत फिरले, आणि जिंकलेली लढाई पुलावर येऊन अडकली. सातव्या फेरीत पूल जवळजवळ गेला. आठव्यात शिंप्याने सहाच्या गिऱ्हाइकाला फोन करून उद्या यायला सांगितलं, तेही फाशांवरची नजर न हटवता. एक फासा पुन्हा घरंगळला, तेव्हा कुणी हलू नका म्हणत तो स्वतः वाकला. सूनबाईने पुढे फक्त दोनदा डबा वाजवला. तिसऱ्यांदा हात गेला होता, पण तिने तो आवरला. सात वाजता डॉक्टरीणबाईंच्या शेवटच्या तुकडीने सहाच्या धीरावर सहाच टाकले आणि पूल राहिला. त्या उभ्या राहून दोन्ही हातांनी डोकं धरून हसत होत्या. शत्रू निशाण गुंडाळून निघून गेला.

उत्तरेच्या वेशीवर शेवटपर्यंत काही घडलं नाही.

"रानातले आलेच नाहीत मग?" शिंप्याने जिन्यात विचारलं.

"वेस बंद होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उस्ताद उभे होते ना तिथे. नाहीतर आज गाव गेलंच होतं." मग चप्पल घालता घालता सूनबाईला म्हणाल्या, "पुढच्या रविवारी अर्धा तास लवकर बसू या. आणि तो नकाशा एवढा बारीक नको काढूस बाई, डोळे दुखतात."

त्यांची पावलं खाली जाऊन रस्त्याला लागेपर्यंत सूनबाई दारात उभी राहिली. मग आत आली. सासरे जागेवरच बसले होते. तिने लाल वायसर एका वाटीत, निळे दुसऱ्या वाटीत भरायला घेतले. भरता भरता म्हणाली,

"बाबा, तुमच्याइतकं चांगलं कुणाला ठाऊक होतं, रानात कुणी नाही म्हणून?"

ती वेशीवरचे तीन वायसर उचलायला गेली, तेव्हा सासऱ्यांनी त्यांवर आपला तळहात ठेवला आणि दुसऱ्या हाताने पाटी पुसली. ते बराच वेळ लिहीत होते. अक्षर वेडंवाकडं होतं, पण लिहून झाल्यावर त्यांनी पाटी तिच्याकडे नीट वळवून धरली.

'राहू देत. पुढच्या रविवारी आले तर?'

सूनबाईने ते दोनदा वाचलं. मग तिने वायसर होते तिथेच ठेवले, नकाशावर जुनी चादर अंथरली आणि चिकटपट्टी शोधून डबा बंद करायला बसली.